चार-दहाचं उत्तर

१

कॉम्प्युटरला झोपवणं हे तान्ह्या पोराला झोपवण्यापेक्षा अवघड काम आहे. पोर निदान दमतं तरी.

माझं टीव्ही, स्पीकर आणि त्यांच्या जोडीला लागणाऱ्या सटरफटर वस्तूंचं दुकान आहे. गेली पंधरा वर्षं मी लोकांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर बसवून देतो. सिनेमे, मालिका, गाणी, नातवंडांचे फोटो, सगळं त्या एका डब्यात. मी त्याला डबाच म्हणतो. शिक्षण म्हणाल तर शाळेच्या पुढे माझी मजल गेली नाही. जे शिकलो ते बिघडवून शिकलो, आणि सुरुवातीचे डबे स्वतःच्या घरातलेच बिघडवले, म्हणून गिऱ्हाइकं टिकून आहेत.

डब्याच्या तक्रारी दोनच. एकतर तो झोपत नाही, नाहीतर झोपलेला उठत नाही. आमच्या ओळखीच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात रोज दुपारी बंद दाराआड टीव्ही आपोआप लागायचा. त्यांची नर्स नोकरी सोडायला निघाली होती. मी दोन तास तिथे बाकावर बसून राहिलो, तेव्हा उलगडा झाला. खिडकीतून एक मांजर यायचं आणि कीबोर्डवर अंग टाकायचं. स्वतः झोपायचं आणि डब्याला उठवायचं. दुसऱ्या एका घरी शेजारच्यांच्या रिमोटचा न दिसणारा उजेड यांच्या काचेच्या कपाटावरून उलटून यांचा टीव्ही चालू करत होता. दोन्ही घरांत बोलणं बंद झालं होतं तेवढ्यावरून.

म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगत असतो, प्रत्येक भुताला एक वायर असते. ती सापडली की भूत संपलं. यावर आमची ही म्हणते, ‘तुमच्या तोंडाला मात्र वायर नाही, नाहीतर कधीच उपटली असती.’

माझी एक पद्धत आहे. बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही की डबा झोपण्याआधी पडद्यावर विचारतो. कारखान्यातून येताना त्याचा प्रश्न असा असतो, ‘आपण अद्याप पाहत आहात काय?’ घरच्या टीव्हीने असं फौजदारासारखं विचारू नये. मी तो प्रश्न काढतो आणि माझा घालतो. ‘आहात ना?’ शेजारी दारातून डोकावून विचारतो तसं. रिमोटचं मधलं बटण दाबलं की पडद्यावर उमटतं, ‘आहे.’ दोन मिनिटांत दाबलं नाही तर डबा झोपतो. पहिली झोप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या घरातून निघत नाही. आम्ही सगळे हात मांडीवर ठेवून गप्प बसतो आणि पडदा काळा व्हायची वाट बघतो. लोकांना गंमत वाटते.

२

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. मी आता आजोबा झालो तरी ती मला छोट्या म्हणते, तेही गिऱ्हाइकांसमोर.

भाऊजी गेल्यावर ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात एकटी राहू लागली. आमच्याकडे ये म्हणून मी किती वेळा म्हटलं असेल. ‘तुझ्याकडे येऊन काय करू? तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात पाहुणी होऊन बसू?’ रोज फोन केला तर तेही चालायचं नाही. ‘मी काय गॅसवरचं दूध आहे का, सारखं लक्ष ठेवायला?’

आता दुकानदाराचं डोकं सरळ कसं चालेल. मी तिच्या घरी एक डबा बसवला. दुपारी साडेतीनला तिची मालिका लागते म्हणून तो रोज साडेतीनला आपोआप उठेल आणि टीव्ही चालू करेल, असं लावून दिलं. मालिका संपली की चार वाजून दहा मिनिटांनी तो विचारणार, ‘आहात ना?’ ताईने बटण दाबलं की तिकडे गाणी लागतील आणि इकडे दुकानात माझ्या फोनवर एक ओळ येईल, ‘उत्तर आलं.’ दाबलं नाही तर येईल, ‘उत्तर नाही. झोपलो.’

ही फोनवरची गोष्ट मी ताईला सांगितली नव्हती. सांगितली असती तर तिने डबा जिन्यावरून खाली फेकला असता.

आठ महिने रोज ओळ आली. चार-दहाला फोन वाजला की माझा जीव भांड्यात पडायचा. जाणं-येणं कमी झालं, हे कबूल करतो. रोज ख्यालीखुशाली कळतेय म्हटल्यावर पाय कुणाचे उचलतात?

फक्त एकदा उत्तर आलं नाही. तीन महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी. दुकानात एक जोडपं स्पीकर ऐकत बसलं होतं. मनात म्हटलं, डोळा लागला असेल. तरी राहवेना. त्यांना वाटेला लावून पाच वाजता तिच्या घरी पोचलो, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर ताई स्वयंपाकघरात जमिनीवर. मनगट मोडलेलं, कपाळाला खोक. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मग चार दिवस तिला भाचीकडे ठेवलं आणि तेवढे दिवस डबा बंद केला.

त्यानंतर महिनाभर मी दुकानात येईल त्याला सांगत होतो, माझ्या डब्याने माझी बहीण वाचवली.

३

त्या मंगळवारी ताई दुकानात आली. हातावरचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडली होती. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, पर्स काउंटरवर ठेवली आणि लगेच सुरू झाली.

‘काच कधी पुसली होतीस रे? आत टीव्ही आहेत की मासे?’

‘पुसतो की रोज.’

‘कोणत्या कॅलेंडरातल्या रोज?’

मी चहा सांगितला. चहा आला. ती बशीत ओतून फुंकर घालत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. सवयीने पाहिलं आणि सवयीने बाजूला ठेवला. मग पुन्हा उचलला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ‘उत्तर आलं.’

मी ताईकडे पाहिलं. ती चहा पीत होती.

‘कोणाचं आहे?’ तिने विचारलं.

‘कंपनीचं. जाहिरात.’ मग शक्य तितक्या सहज विचारलं, ‘घरी कोणी आहे का गं?’

‘घरी कोण असणार? कुलूप लावून आलेय.’ तिने पर्सवर दोन बोटं आपटली. आत किल्ल्या वाजल्या.

४

वायर असणार. पहिला विचार हाच आला आणि अजून सांगतो, तो विचार चुकीचा नव्हता. रिमोटवर पुस्तक पडलं असेल. बटण चिकटलं असेल. समोरच्या घरातल्या रिमोटचा उजेड कुठून तरी उलटून येत असेल.

दुकानातूनच मी तिच्या डब्याची नोंद उघडली. डबा सगळं लिहून ठेवतो. कधी उठला, कोणी उठवलं, कधी विचारलं, उत्तर कुठून आलं. आठ महिन्यांची पानं मी पहिल्यांदाच वाचत होतो. तो गुरुवार आणि डबा बंद होता ते चार दिवस सोडले तर रोज उत्तर होतं. रोज रिमोटवरून. आणि रोज प्रश्नानंतर अकरा सेकंदांनी.

माणूस असा नसतो. माणूस कधी रिमोट शोधतो, कधी चष्मा शोधतो, कधी खोकतो. चिकटलेलं बटण मात्र असं असू शकतं. मला बरं वाटलं.

म्हणून मी एक युक्ती केली. दुसऱ्या दिवशी, तिच्या डब्यावर, मी मधलं बटण बाद केलं. उत्तर फक्त रिमोटच्या कोपऱ्यातल्या निळ्या बटणाने देता येईल असं लावलं. निळं बटण कोणी वापरत नाही. ते कशाला असतं हे मलाही नीट माहीत नाही. पडद्यावर तसं काही लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. बिघाड असेल तर तो मधल्या बटणावरच अडून बसेल. बिघाडाला दुसरं बटण शोधता येत नाही.

चार-दहा झाले. मी काउंटरवर फोन ठेवून बघत होतो. अकरा सेकंद गेले. वीस गेले. तीस गेले. मी मनात म्हटलं, सापडली वायर.

चाळिसाव्या सेकंदाला फोन वाजला. ‘उत्तर आलं.’

नोंद उघडली. निळं बटण.

शोधायला तेवढा वेळ लागला होता.

गुरुवारी बटण बदललं नाही. मला बघायचं होतं. उत्तर पुन्हा अकरा सेकंदांनी आलं. निळ्या बटणाने.

५

शुक्रवारी दुपारी तीनलाच मी ताईच्या घरी गेलो. सोबत स्क्रू-ड्रायव्हर होता आणि डबा घालून आणायला एक रिकामी पिशवी होती.

घर चकाचक. दिवाणखान्यात तिघांचा सोफा, समोर भिंतीवर टीव्ही, सोफ्याच्या मागून जाणारी वाट आणि तिच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार. रिमोट सोफ्याच्या उजव्या हातावर, सरळ, टीव्हीकडे तोंड करून ठेवलेला. त्याच्या बाजूची गादी दबलेली होती. बाकीच्या दोन नव्या असल्यासारख्या.

‘मालिका कुठवर आली?’ मी विचारलं.

‘मला काय माहीत?’

‘बघत नाहीस?’

‘तू बसवून गेलास त्या आठवड्यात दोन-तीनदा बघितली.’ ती माझ्याकडे न बघता टेबलावरचं कापड सारखं करत होती. ‘मग नाही. दुपारी मी आतल्या खोलीत असते. दार लावून.’

‘मग टीव्ही?’

‘लागतो. बंद होतो.’

मी खाली बसलो. आठ महिने मी कोणाच्या खुशालीवर निश्चिंत होतो? मग मी तिला सगळं सांगितलं. फोनवरची ओळ, अकरा सेकंद, निळं बटण. ती रागावेल म्हणून मी तयारीत होतो. ती रागावली नाही. ते जास्त वाईट वाटलं.

‘ताई, भाऊजी असतील,’ मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून बाहेर काढलं असतं. पण त्या क्षणी त्यात आधार वाटला. घरचंच माणूस. ‘बघ ना, तू पडलीस त्या दिवशी उत्तर आलं नाही. त्यांनीच मला बोलावलं.’

ती थोडं हसली. ‘तुझ्या भाऊजींना उभ्या आयुष्यात रिमोट जमला नाही, छोट्या. आवाज वाढवायला गेले की टीव्ही परदेशी भाषेत बोलायला लागायचा. चार बटणं एकदम दाबायचे, अंगठ्याने. ते अकरा सेकंदांत एक बटण दाबतील?’

‘मग?’

‘मी पडले ती वेळ तुला कोणी सांगितली?’

‘चार-दहाला उत्तर नव्हतं. म्हणजे त्याच्या आधीच पडली असशील.’

‘समोरच्या शिवणकामवाल्या बाई सव्वाचारला आल्या होत्या. ब्लाउज द्यायला. उंबऱ्यावर बसून दहा-बारा मिनिटं बोललो आम्ही. विचार त्यांना. त्या गेल्या, मी चहाला म्हणून उठले. साडेचार वाजले होते.’

मी मनात वेळा जुळवल्या. म्हणजे आधी उत्तर चुकलं होतं. ती पडली नंतर. वीस मिनिटांनी.

‘ते सोफ्यावरून आधी उठलं होतं,’ ताई म्हणाली.

६

साडेतीनला डबा उठला. टीव्ही लागला. मालिकेचं संगीत सुरू झालं आणि एक सून पाठमोरी रडू लागली.

‘ताई, चल,’ मी म्हणालो. ‘आत्ता माझ्याबरोबर चल. दोन साड्या घे.’

‘आत्ता नको. संपू दे.’

‘मालिका?’

‘चार-दहा होऊ दे. उत्तर आलं की जाऊ.’ ती सोफ्याच्या डाव्या टोकाला बसली आणि मधली जागा तळहाताने थोपटली. ‘बस. ते बसलेलं असताना घरात फिरलं तरी चालतं. मी बघितलंय.’

मी मध्ये बसलो. उजवीकडची गादी रिकामी होती. तिच्यापलीकडे, सोफ्याच्या हातावर, रिमोट.

चाळीस मिनिटं आम्ही ती मालिका पाहिली. खरं सांगायचं तर मी रिमोट पाहिला. दुकानात हजार रिमोट आहेत, एकाकडेही मी असा पाहिला नसेन. खालच्या रस्त्यावर कोणी तरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. ऊन खिडकीतून सोफ्यापर्यंत आलं होतं. इतक्या उजेडात भ्यायचं तरी कशाला, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. ताईने मध्येच विचारलं, ‘ही कोण?’ मी म्हणालो, ‘धाकटी जाऊ असेल.’ ती म्हणाली, ‘चेहऱ्यावरून वाटतेच.’

चार-दहा. पडद्यावर माझी अक्षरं आली. ‘आहात ना?’

मी मोजायला लागलो. आठ, नऊ, दहा, अकरा.

रिमोट हलला नाही. बटण दबलं नाही. वीस. तीस. चाळीस. मी ताईकडे वळलो. मला वाटलं ती सुटकेने हसेल. तिचा चेहरा उतरला होता.

‘मी दाबतो,’ मी म्हणालो आणि हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं. मोडलेल्या, बऱ्या झालेल्या हाताने, पण पकड अशी की लहानपणी रस्ता ओलांडताना असायची.

‘तुझं उत्तर नको,’ ती म्हणाली.

दोन मिनिटं झाली. पडदा काळा झाला. माझ्या खिशात फोन थरथरला. काय आलंय ते बघायची गरज नव्हती.

७

टीव्ही चालू असताना आपण त्याच्यात बघतो. झोपला की तो आपल्याला दाखवतो. इतकी वर्षं विकतोय, पण हे मला तेव्हा कळलं. काळ्या काचेत आमचा दिवाणखाना होता. सोफा, ताई, मी. आमच्या डोक्यांच्या मागे ती वाट आणि स्वयंपाकघराचं दार, खिडकीच्या उजेडाने उजळलेलं.

दारात कोणी तरी उभं होतं.

चेहरा विचाराल तर सांगता येणार नाही. काचेत सगळंच धुरकट. उंची साधारण. उभं राहायची तऱ्हा घरच्या माणसाची, काम उरकून बाहेर आल्यासारखी. हात मात्र दिसले. ते हात पुसत होतं. सावकाश. एका वेळी एक बोट.

मी मान वळवायला गेलो.

‘वळू नकोस,’ ताई ओठ न हलवता म्हणाली. ‘बस असाच. मागच्या वेळी मी उठले होते.’

मी समजूतदार माणूस आहे. अडचणीत पहिला विचार मला हिशोबी येतो. तेव्हाही आला. तिसरा मजला, मुख्य दार डाव्या हाताला, सात पावलं, कडी आतून. ताईचे गुडघे. सात पावलांना तिला लागणारा वेळ. मी बसून राहिलो.

काचेतलं दार रिकामं झालं. ते कुठे गेलं ते काचेत दिसेना. मग आवाज. स्वयंपाकघरात नळ सुटला, बंद झाला. खण उघडला. भांड्यावर भांडं. कोणी काही शोधत असावं, किंवा मोजत. मग आतल्या खोलीचं दार, जे दार लावून ताई दुपारची असते. पलंग करकरला, कोणी टेकल्यासारखा. कपाटातले हँगर एकामागून एक सरकले.

ताई हळूच म्हणाली, ‘सगळीकडे बघतं. रोज नाही. एरवी सकाळी कधी तरी.’

‘काय बघतं?’

‘कोण उभं आहे ते.’

स्कूटर खाली एकदाची चालू झाली आणि निघून गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे फक्त डोळे नेत होतो. चार-वीस. चार-पंचवीस. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ताईचा हात माझ्या मनगटावरून सुटला नव्हता. तिची नाडी मला लागत होती की माझी तिला, कोण जाणे.

साडेचारला जरा कमी असताना सोफ्याच्या मागे पाऊल वाजलं. अनवाणी. ते माझ्या पाठीमागे थांबलं. किती वेळ, ते मी सांगणार नाही, कारण मी जे सांगेन ते खोटं असेल. माझ्या मानेवर थंड वारा वगैरे काही आलं नाही. फक्त पाण्याचा एक थेंब पडला. ओल्या हातावरून पडतो तसा.

मग माझ्या उजवीकडची गादी खाली गेली. मी बसलो होतो ती गादीसुद्धा तिकडे थोडी कलली, शेजारी कोणी बसलं की कलते तशी. पडदा जागा झाला. ‘आहात ना?’

मी उजवीकडे पाहिलं नाही. दुकानदार म्हणून पाहायला हवं होतं. मी मोजत राहिलो.

अकराव्या सेकंदाला रबरी बटणाचा तो बारीक आवाज झाला.

‘आहे.’

गाणी सुरू झाली. खिशात फोन थरथरला.

‘झालं,’ ताई म्हणाली आणि माझं मनगट सोडलं. ‘आता उठलास तरी चालेल.’

८

जिन्याने आम्ही दोघं पहिल्या मजल्यापर्यंत आलो. तिथे ती थांबली. मी पुढे निघून दोन पायऱ्या उतरलो होतो.

‘पिशवी रिकामीच आणलीस,’ ती म्हणाली.

‘राहू दे डबा.’ मला वाटेतच सुचलं होतं. डबा काढून आणला तर ते कधी उठलं हे कळायची सोयच राहणार नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या घरातली भुतं वायर उपटून घालवली. ही एकच वायर होती जी उपटायची नव्हती.

‘मी येत नाही तुझ्याकडे,’ ती म्हणाली.

‘ताई, वेडी आहेस का? आत्ता आपण काय बघितलं?’

‘मी पडल्यावर माझी चार दिवस भाचीकडे सोय केली होती ना तुम्ही? तिथे त्यांच्याकडे टीव्ही नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्या दिवाणखान्यातल्या खुर्चीची गादी दबलेली होती. तिला वाटलं, मांजर.’ तिने पदराने कपाळ पुसलं. ‘मी परत आले तसं तेही आलं. तुझ्या घरात दोन नातवंडं आहेत, छोट्या. ती एका जागी बसतात का कधी?’

मला वाद घालायला हवा होता. तिने मला वाढवलं, खरचटलं तर फुंकर घातली. निदान दोन वाक्यं तरी बोलायला हवी होती. भाचीच्या घरी खरंच मांजर आहे, ते सुद्धा सांगता आलं असतं.

‘बरं,’ मी म्हणालो.

ती वर गेली. मी खाली उभा राहून तिची पावलं ऐकली. किल्ली, कडी, दार. गाण्याचा आवाज थोडा मोठा झाला आणि पुन्हा लहान.

दुकानात येऊन मी सेटिंग बदललं. आता डबा झोपत नाही. साडेतीनची वाट बघत नाही. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, दर वीस मिनिटांनी, तो विचारतो. ताईच्या गळ्यात मी एक लहानशी घंटी अडकवून दिली आहे. उत्तर चुकलं की ती वाजते आणि ताई जिथे असेल तिथे बसते. एकदा अंघोळीच्या स्टुलावर बसून राहिली होती, चोवीस मिनिटं. फोनवर मला सांगून हसत होती.

रात्री दहा ते सहाचं काय, हे आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही. झोपलेलं माणूस आडवंच असतं, असं मी स्वतःला सांगतो.

दुकानात माझा फोन आता दिवसभर वाजतो. गिऱ्हाइकं विचारतात, एवढे कोणाचे मेसेज? मी म्हणतो, बहीण आहे, फार जीव आहे तिचा माझ्यावर. लोकांना ते ऐकून बरं वाटतं. भुताच्या वायरची गोष्ट मी हल्ली सांगत नाही.

परवा जेवताना ही म्हणाली, ‘अहो, मागची खोली रिकामीच आहे. ताईंना घेऊन येणार होता ना तुम्ही?’

धाकटी नात टेबलाभोवती गोल गोल पळत होती.

‘बघू,’ मी म्हणालो.